धूर गेला कुठे

मंगळवारची सकाळ होती. मी बंदरावरच्या कचेरीत बसून वाऱ्याची नोंद करत होतो. दिशा पूर्व, जोर मंद, आकाश स्वच्छ. अठरा वर्षं हेच लिहीत आलो आहे. तेवढ्यात इस्माईलचाचा दारात येऊन उभे राहिले. चाचा आमचे शेजारी, उभा जन्म शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी म्हणून काढलेला माणूस. कचेरीची पायरी ते सहसा चढत नाहीत. त्यांना धाप लागली होती. "नाना, घराकडं चल," एवढंच म्हणाले. यावर मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "चाचा, मी बरा आहे. आज मला काही त्रास नाही." हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं ते आमच्या आळीत राहणाऱ्यालाच कळेल. आमच्या घराच्या बाबतीत कोणी धावत आलं की ते माझ्यासाठीच, अशी पंचवीस-तीस वर्षांची सवय होती. चाचांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "तुला नाय रे बाबा... द्वारका पडली हाय."

द्वारका म्हणजे माझी वहिनी. मागीलदारी, चुलीच्या खोपटाच्या दाराबाहेर ती आडवी होती आणि चाचांच्या बायकोने, आमिनाचाचींनी, तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आत चुलीवर भात करपत होता, त्याचा वास येत होता. मी जवळ जायला लागलो तर चाची हात करून ओरडल्या, "तू नको येव इकडं, धूर हाय!" आणि मी थांबलो. लिहायला नको वाटतं, पण थांबलो हे खरं. आमचे नेहमीचे डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं. त्यांनी तपासलं, तिची निळसर पडलेली नखं उलटसुलट करून पाहिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई विडी ओढत होत्या का? किती वर्षं?"

मला रागच आला. म्हटलं, "डॉक्टर, आमच्या घरात दम्याचा आजारी मी आहे." ते म्हणाले, "ते मला ठाऊक आहे. पण यांची फुफ्फुसं कधीच निकामी झालेली असणार. त्याचा भार हृदयावर आला. हे एका दिवसाचं दुखणं नव्हे, नाना. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

या प्रश्नाला दीड महिना झाला. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

पुरवण्यांतून लेख येतात ते थोरामोठ्यांवर. वहिनी कोणी नव्हती. पूर्णगडची मुलगी, लग्न होऊन रत्नागिरीत आली तेव्हा मी चौदा वर्षांचा, काटकुळा, अंथरुणात उशांना टेकून बसून राहणारा. आईवडील लवकर गेले. दादा मुंबईला नोकरीला. वर्षातून दोनदा आगबोटीने यायचा, शिमग्याला आणि गणपतीला. उरलो आम्ही दोघं, वहिनी आणि मी. तिला मूल झालं नाही. आळीतल्या बायका म्हणायच्या, द्वारकेला मूल आहे की, चांगलं मिशा फुटलेलं आहे! यावर ती हसायची. मीही हसायचो, आणि लाड करून घ्यायचो. आजाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते, की खोकल्याने माणसं हलतात.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांत मला दम्याचा मोठा झटका आला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, एफेड्रिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वहिनीला समोर बसवून म्हणाले, "औषध मी देईन, पण खरं काम तुमचं. धूळ, धूर, बुरशी, उग्र वास, यांना या माणसाच्या नाकापर्यंत येऊ देऊ नका." वहिनीने ते कानात साठवलं. तिला लिहिणं-वाचणं जेमतेम यायचं, पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात हवेत उडणाऱ्या प्रत्येक वस्तूची यादी तयार झाली. घरात कोरडा केरसुणीचा हात फिरणं बंद झालं. आधी पाण्याचा शिपका, मग ओलं फडकं. कापसाची गादी गेली, चटई आली. आंब्याची अढी आमच्या माळ्यावर लागायची, तिच्या पेंढ्याचा भुसा उडतो म्हणून ती चाचींच्या घरी गेली. कांडण, पाखडण, पीठ चाळणं हे सगळं मी कचेरीत असताना आणि तेही परसात. पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, तर ही बाई आठवड्याला भिंती पुसायची. गणपतीत उदबत्ती लावायची ती अंगणात तुळशीपाशी, म्हणायची, "बाप्पाला वास दुरून पण येतो. त्याचा नाक लांब हाय."

आणि नुसतं घरात नाही, सगळ्या आळीत तिचा कायदा चालायचा. आमच्याकडे बायका मशेरी लावतात, त्यासाठी तंबाखू तव्यावर भाजतात. तो वास रस्त्याने जाणाऱ्यालाही ठसका आणतो. वहिनीने घरोघर जाऊन सांगितलं, मशेरी भाजायची तर दहानंतर, भावजी कचेरीत गेल्यावर. मसाल्याच्या मिरच्याही तेव्हाच. आमिनाचाची गुरुवारी संध्याकाळी लोबान घालायच्या, त्यांनी तो पलीकडच्या पडवीत न्यायला सुरुवात केली. वैशाखात सड्यावर, वरच्या खडकाळ माळावर, भाजावळ व्हायची, पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळायचे, तेव्हा तर वहिनी आठ दिवस माझ्या खोलीच्या दारात ओल्या धोतराचा पडदा बांधून ठेवायची आणि त्याच्यावर पाणी मारत राहायची. मी कुरकुरायचो, इथे वास आला, तिथे खवखवलं. ती म्हणायची, "भावजी, तुमचा नाक म्हणजे कस्टमचा शिपाई हाय. एक पुडी सुटायची नाय त्याच्या हातून!"

राहता राहिली चूल. धुराचं मूळ तेच. दादाने मुंबईहून रॉकेलचा स्टोव्ह पाठवला होता, पितळेचा, चकचकीत. वहिनी त्याच्याकडे नव्या नवरीसारखी बघत राहिली. तीन दिवस तिने त्यावर स्वयंपाक केला. चौथ्या दिवशी मी सांगितलं, रॉकेलच्या वासाने छाती भरून येते. तिने स्टोव्ह पुसला, जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. तो अजून तिथेच आहे. मग मीच तोड काढली. चूल घरातून हलवायची. मागीलदारी, वीस पावलांवर एक खोपटं बांधायचं, आणि ते मी आखणार. कारण वाऱ्याचं ज्ञान रत्नागिरीत माझ्याइतकं कोणाला? सरकार मला त्याचाच पगार देतं.

मी आठ दिवस विचार केला. कागदावर नकाशा काढला. आमचं घर समुद्राकडे तोंड करून, मागीलदार पूर्वेला. सकाळी स्वयंपाकाच्या वेळेला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्याला आम्ही मतलई म्हणतो. म्हणजे खोपटातला धूर सरळ घरात यायचा धोका. म्हणून घराकडची पश्चिमेची बाजू पक्की बंद केली, झावळ्यांचे दुहेरी झाप लावून वरून शेणामातीचा गिलावा. वारा कधीमधी फिरतो म्हणून उत्तर आणि दक्षिणही तशीच. छप्पर खाली ओढून घेतलं, वळचणीला फट ठेवली नाही. दार तेवढं पूर्वेला. इस्माईलचाचा बघायला आले होते. त्यांनी एक चक्कर मारली, दाढी खाजवली आणि म्हणाले, "नाना, वारा आत घेतोस, त्याला जायाला वाट कुठं ठेवलीस?" मी हसलो. म्हटलं, "चाचा, हे गलबत नाही, हे खोपटं आहे. वाट ठेवली तर धूर माझ्या नाकात येईल." चाचा घराकडे वळले. शिकलेल्या माणसापुढे आपण काय बोलणार, असं त्यांना वाटलं असेल. उंटावरचे शहाणे म्हणतात ते मीच.

खोपटं झालं आणि घरात धुराचा कण येईना. आळीतल्या लोकांना मी बोलावून दाखवायचो. "आमची खिडकी बघा, सताड उघडी! चूल पेटलेली आहे, सांगून खरं वाटेल का?" आठ वर्षं हा माझा डौल चालला. या आठ वर्षांत मी त्या खोपटात एकदाही पाऊल टाकलं नाही. वहिनीची सक्त ताकीद होती. जेवण ताटात वाढून घरात यायचं, गरम गरम. पावसाळ्यात लाकडं ओली, नारळाची सोडणं ओली. धुपत असणार, पण मला कसं कळणार? मी संध्याकाळी आलो की विचारायचो, "वहिनी, आज धुराचा त्रास नाही ना झाला?" ती म्हणायची, "नाय ओ. घरात आला नाय ना?" मी म्हणायचो, "नाही." ती म्हणायची, "मग झाला तर." दोघांचं समाधान. आज हे संभाषण आठवतं तेव्हा दिसतं, की मी विचारत होतो माझ्याबद्दल आणि ती उत्तर देत होती तेही माझ्याचबद्दल.

मधे एकदा दादाचं पत्र आलं. इतकी वर्षं तो गावच्या दहा-बारा जणांबरोबर एका खोलीत राहायचा, आता त्याला स्वतंत्र खोली मिळाली होती. खिडकी आहे, नळ आत आहे, बायको म्हणून आता तरी ये, असं त्याने लिहिलं होतं. वहिनीची पत्रं मीच वाचून दाखवायचो. ते वाचताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं. पत्र संपलं आणि मला खोकला आला. तो खरा होता की नव्हता, हे मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं. वहिनी उठली, पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "भावजी, लिवा त्यांना. यंदा नाय जमत म्हणावं." मी लिहिलं. छान वळणदार अक्षरात लिहिलं. दादाने पुन्हा विचारलं नाही.

ती माहेरी जायची ती वर्षाकाठी चार-सहा दिवस. भाट्याच्या खाडीवर तरीतून पलीकडे उतरायची आणि तिथून पूर्णगडची वाट धरायची. परत यायची तेव्हा चेहरा तजेलदार असायचा, आवाज मोकळा असायचा. मी चिडवायचो, "माहेरचं पाणी अंगी लागतं बरं तुला!" ती म्हणायची, "पानी नाय ओ, वारा. आमच्या घरात सगळीकडून वारा." मला वाटायचं, बायकांना माहेरचं सगळंच गोड.

तिला जाळलं त्या दिवसाबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. दादाला तार गेली होती, पण आगबोट तिसऱ्या दिवशी. दुपारी पूर्णगडहून तिचा धाकटा भाऊ आला. दादा नसताना अग्नी मी द्यायचा, हे उघड होतं. पण चार जाणती माणसं पुढे झाली. "नानांना धुरात नको. द्वारकावहिनींनी त्यांना जन्मभर जपलं, आज त्यांच्याच चितेच्या धुराने काही झालं तर वहिनींच्या जिवाला काय वाटेल?" सगळ्यांना पटलं. मलाही पटलं! तिच्या भावाने अग्नी दिला. मला लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला एका दगडावर बसवलं. कोणीतरी नाकाला लावायला ओला रुमाल दिला. खारा वारा सुटला होता, धूर सरळ डोंगराकडे गेला. मी तिथे बसून मनात नोंद केली, दिशा पश्चिम, जोर मध्यम. माणसाचं डोकं अशा वेळी काय करेल त्याचा नेम नाही... परत येताना लोक मला विचारत होते, "तब्येत ठीक ना नाना? दम नाही ना लागला?"

दादा तिसऱ्या दिवशी आला, रडला, आणि बारा-तेरा दिवस उरकून मुंबईला परत गेला. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. डॉक्टरांचा प्रश्न मी त्याला सांगितलाच नव्हता. जेवण चाचींकडून यायचं. एका दुपारी चाची ताट घेऊन आल्या आणि परत जाईनात. उंबऱ्याशी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "नाना, तिनं मला कसम घातली व्हती. पण आता ती नाय, कसम कुणासाठी पाळू? रोज सकाळी कुंपणाच्या गडग्यापलीकडून तिचा खोकला ऐकू येयाचा. खोकून खोकून बाहेर येयाची, माडाला धरून उभी राहायची. तोंड धुवायची, आणि मग ताट घेऊन तुझ्याकडं येयाची."

म्हटलं, "मला कोणी का नाही सांगितलं?"

"मी तिला म्हटला, डाक्टरला दाखव. ती म्हणाली, चाची, घरात एक दमेकरी हाय तेवढा बस. दोन झाले तर बघील कोण?" चाचींनी डोळे पुसले. "किती वर्सं ते इचारू नकोस. खोपटं बांधल्यावर दुसऱ्या पावसापासून."

म्हणजे सहा-सात वर्षं. मी रोज दोन वेळा तिच्या हातचं जेवत होतो. खोकल्याचा एवढा जाणकार मी, स्वतःच्या छातीतली शिट्टी रात्री किती वाजता सुरू झाली ते डॉक्टरांना मिनिटासकट सांगणारा. वीस पावलांवरचा खोकला मला ऐकू आला नाही. घरात मात्र ती कधी खोकली नसावी. कधी खाकरली असेल तर म्हणायची, "काय नाय ओ, मिरचीचा ठसका." दिव्याखाली अंधार ही म्हण मी शाळेत वहीत लिहून घेतली होती. आमच्या घरी दिवा मी होतो, निदान सगळे तसं वागत होते.

चाची गेल्या आणि मी उठलो. मागीलदार उघडलं, वीस पावलं चाललो आणि आठ वर्षांत पहिल्यांदा खोपटात शिरलो. ते दार इतकं ठेंगणं होतं की मला वाकावं लागलं. ते मीच तसं आखलं होतं. दोन आठवडे चूल पेटलेली नव्हती, तरी आत डोळे चुरचुरले. छप्पर काळं, वासे काळे, झाप काळे, आणि काजळीच्या जळमटांच्या दोऱ्या खाली लोंबत होत्या. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत तेवढी भिंत जरा उजळ होती. तिथवर हवा राहत असणार. बाकी सगळी जागा धुराची. मी मधोमध उभा राहिलो आणि माझं डोकं त्या काळोखात गेलं. सकाळचा वारा पूर्वेकडून येतो. दार पूर्वेला. वारा धूर बाहेर पडू देत नाही, उलट आत लोटतो. आणि समोरची बाजू, जिथून त्याने जायचं, ती बंद, दुहेरी बंद. हे समजायला अठरा वर्षांची नोकरी लागत नाही. पोरसुद्धा सांगेल. चाचांनी सांगितलंच होतं. मी आठ दिवस विचार केला होता, नकाशा काढला होता, आणि त्यात खोपटाच्या आत बसणारं माणूस काढायचं राहिलं होतं.

छातीत सूं सूं सुरू झालं. बाहेर पडायला हवं होतं. पण पाय निघेना, म्हणून खाली तिच्या पाटावर बसलो. बसल्यावर घराकडच्या भिंतीत, माझ्या तोंडाच्या बरोबर समोर, गिलाव्यात काहीतरी वेगळं दिसलं. हात लावला तर कापडाचा बोळा. माझ्याच जुन्या सदऱ्याची बाही होती, शेणाच्या पाण्यात बुडवून भिंतीच्या रंगाची केलेली. मी तो ओढून काढला. मागे मुठीएवढं भोक होतं, दोन्ही झाप पार करून आरपार गेलेलं. कडा ओबडधोबड नव्हत्या. खालची कड गाल आणि हनुवटी टेकून टेकून उंबऱ्यासारखी गुळगुळीत झाली होती. तेवढ्यापुरता बोळा काढायचा, तोंड लावून दोन श्वास घ्यायचे, आणि धूर घराकडे जायच्या आत बोळा परत बसवायचा. किती वेळा? एका भाताला किती वेळा? पावसाळ्यात किती?

मी तिथे तोंड लावलं. गार, स्वच्छ हवा आली. मी दोन श्वास घेतले आणि मग डोळा लावून बाहेर पाहिलं. समोर वीस पावलांवर माझी खिडकी होती, आत माझी खुर्ची, खुर्चीमागे माझ्या तीन उशा. खिडकी सताड उघडी होती. आमच्या चुलीच्या धुरासाठी ती मला आठ वर्षांत एकदाही लावावी लागली नव्हती.